आधी झोपू द्या, मग बघा हात कसा चालतो

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, टायपिंगची परीक्षा जवळ आली की पोरं रात्री बारा-एकपर्यंत कीबोर्ड बडवतात आणि पहाटे पाचला पुन्हा बसतात. स्नेहसंमेलनाचा नाच, लेझीम, ढोल, हार्मोनियम, सगळीकडे हेच. आपण कौतुकाने म्हणतो, "किती मेहनत घेतंय पोरगं!" माझ्या मते यातली बरीच मेहनत आपणच वाया घालवतो.

नवी हालचाल शिकताना सुरुवातीला एकेक बोट विचार करून उचलावं लागतं. सरावाने मेंदूतल्या पेशींचे जोड बदलू लागतात, पण ते कच्चे असतात. सराव थांबल्यावरही ते पक्के होण्याचं काम चालू राहतं, आणि झोपेत त्याला चांगली संधी मिळते.

2002 मध्ये हार्वर्डमधील मॅथ्यू वॉकर, रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अगदी साधा. उजव्या हाताची सवय असलेल्या तरुणांना डाव्या हाताच्या बोटांनी 4-1-3-2-4 हा क्रम भराभर दाबायला सांगितला. 30 सेकंद दाबा, 30 सेकंद थांबा, असं 12 वेळा. सकाळी शिकलेल्यांना त्याच रात्री तपासलं तर वेगात विशेष फरक नाही. रात्रभर झोपून आल्यावर मात्र वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला, आणि चुका वाढलेल्या नाहीत. मधल्या वेळात सराव शून्य! (हा क्रम फळ्यावर लिहून वर्गात करून बघा, मजा येते.)

आणखी एक गोष्ट दिसली. झोपेचे टप्पे असतात. त्यातल्या दुसऱ्या टप्प्याची झोप ज्यांना जास्त, विशेषतः पहाटेच्या भागात जास्त मिळाली, त्यांची प्रगतीही जास्त होती. आपला पाचचा गजर नेमका तिथेच घाव घालतो.

आता आक्षेपही सांगायला हवा. पुढे काही संशोधकांनी म्हटलं की सरावाच्या शेवटी बोटं थकलेली असतात, म्हणून सकाळचा ताजा हात आहे त्यापेक्षा जास्त सुधारलेला भासतो. लहान मुलांमध्येही असा फायदा दरवेळी दिसलेला नाही. हे मला मान्य आहे. पण झोप कापली की हात सुधारतो, असं यातलं कुणीच म्हणत नाही.

लहान मुलांची झोप पूर्ण होत नाही म्हणून शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. चांगलंच झालं. मग पाचवीपासून पुढच्या मुलांची झोप लगेच पूर्ण व्हायला लागते का? 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, असं तज्ज्ञ सांगतात. आपल्या वर्गात किती जणांना मिळते, एकदा हात वर करायला सांगा.

टायपिंगच्या सरांनी शेवटची बॅच रात्री उशिरापर्यंत ताणू नये, नवा अवघड उतारा परीक्षेच्या आदल्या रात्री देऊ नये. रविवारी सलग चार तास बसवण्यापेक्षा रोज अर्धा-पाऊण तास घ्यावा, म्हणजे दोन सरावांच्या मधे एक रात्र येते. आणि स्पर्धेच्या दिवशी पहाटे चारला "एक शेवटची प्रॅक्टिस" ठेवणाऱ्यांना विनंती, ती आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला ठेवा.