दप्तरातली नशा

मैत्रिणींनो, व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारूचा गुत्ता येतो, नाहीतर गुटख्याची पुडी. पण एक नशा स्टेशनरीच्या दुकानात आणि पंक्चरवाल्याच्या टपरीवर मिळते, दप्तरात सहज मावते. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन. रुमालावर ओतायचं आणि हुंगायचं.

"ही स्टेशनवरच्या पोरांची थेरं, आपली मुलं कशाला करतील?" असं बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं. मी तिला आकडेच सांगितले. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगण्याची नशा मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के! मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकमेव नशा.

बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या विक्रीवर २०१२ मध्ये बंदी आली. पण सोल्युशन, रंगाचं थिनर ही रोजच्या कामाची वस्तू. ती कुठवर बंद करणार?

यातलं टोल्युइनसारखं रसायन श्वासावाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. सवय लागली की स्मरणशक्ती, चाल, ऐकणं, मूत्रपिंड, सगळ्यावर घाला येतो. आणि मृत्यूला सवयीची वाट बघावी लागत नाही. पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून धडधाकट मूल जाऊ शकतं.

म्हणूनच एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. मूल हुंगताना सापडलं तर आरडाओरडा करू नका, मारू नका, मागे धावू नका. त्या क्षणी बसलेला धक्का किंवा धावपळ हृदयाला झेपत नाही. खिडक्या-दारं उघडा, शांतपणे वस्तू काढून घ्या, त्याला बसवा. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. काय झालं ते विचारायला उद्याचा दिवस आहे.

खुणाही ओळखून ठेवा. कपड्यांना, रुमालाला रंगासारखा उग्र वास, बोटांवर पांढरे डाग, नाका-तोंडाभोवती पुरळ, लाल डोळे, अडखळतं बोलणं, भूक मरणं. एका खुणेवरून आरोप करू नका, पण दुर्लक्षही नको. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मुलांसाठी १०९८ हे फोन फुकट आहेत. "लोक काय म्हणतील" म्हणून फोन टाळू नका.

आपल्या महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून गावोगावी दारूची बाटली आडवी केली. या बाटलीसाठी मतदान नाही. पण चौघी मिळून कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे जाता येतं. "भाऊ, एकटं पोर वरचेवर सोल्युशन मागायला आलं तर देऊ नका, आम्हाला सांगा," एवढंच म्हणायचं. तोही कुणाचा तरी बाप असतोच की!