पद सुटले, गाव कसे सुटेल?

अंगणवाडीतल्या सेविकेने वयोमर्यादा गाठली की तिच्या हातातले रजिस्टर जाते. सोबत आणखी एक गोष्ट जाते, तिची नोंद कुठेच होत नाही. गावातल्या कोणत्याही घरात हक्काने शिरण्याची मुभा!

नागभीड तालुक्यातल्या गावांत काम करताना हे वारंवार दिसते. वर्षानुवर्षे जी बाई बाळांची वजने घेत, गरोदर बायांची विचारपूस करत दारोदार फिरली, मोर्चात पुढे राहिली, तिला ‘आता घरीच तर आहेस’ म्हणत चूल, नातवंडे सोपवली जातात. रोवणीला बांधीतही तीच. नोकरीतून बाई निवृत्त होते, घरकामातून नाही. निवृत्त गुरुजींना पार असतो, पानठेला असतो. तिथे बाई बसली तर? ‘हिला कामधंदा नाही का?’

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून सेविका ‘मानसेवी’ आणि तिचा मोबदला ‘मानधन’. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनीसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. ४ डिसेंबर २०२३ पासूनच्या राज्यव्यापी संपात ग्रॅच्युइटी आणि पेन्शन याही मागण्या होत्या. हा प्रश्न नुसत्या पोटाचा नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे. पण ते अर्धे तिकीटही मुलाकडे मागावे लागत असेल, तर ती मैत्रिणीला भेटायला कशी जाणार?

‘छंद जोपासा, मन रमवा’ हा सल्ला इथे कामाचा नाही. मैत्रिणींनो, आधी आपल्या संघटनांकडे पाहू या. पद गेले की यादीतून तिचे नाव का गळते? निवृत्त सेविका-मदतनीसांचे सभासदत्व कायम ठेवू या. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी घेऊ या. वाघाच्या भीतीने सायंकाळी रानवाटेने परतणे धोक्याचे असते. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत तिला बोलते करू या. कोणत्या घरी मूल खंगते आहे, कोणत्या मुलीचे लग्न लवकर ठरते आहे, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक?

तिला विरंगुळा नको आहे, जागा हवी आहे. इतकी वर्षे ती आपल्या दारी आली. पुढच्या बैठकीचा निरोप घेऊन आता आपण तिच्या दारी जाऊ या.