बोनहोफर ही दुसऱ्याच्या डोक्यात घालायची काठी नव्हे

निवडणूक जवळ आली की, किंवा कुठे काही पेटलं की, एक जर्मन पाद्री आपल्या मोबाईलवर हमखास हजर होतो. डीट्रिख बोनहोफर. काळा-पांढरा फोटो, गोल चष्मा, आणि खाली मूर्खपणाबद्दल दोन ओळी. नाहीतर अन्यायापुढे गप्प बसणं हाही अन्यायच, अशा अर्थाचं एक वाक्य. गंमत अशी की हे 'भक्तां'ना टोमणा म्हणूनही फिरतं आणि 'पुरोगाम्यां'ना टोमणा म्हणूनही फिरतं. टाकणारा प्रत्येक जण स्वतः बोनहोफर, समोरचा हिटलर!

लोकहो, थोडं थांबा. ज्याच्या नावानं आपण एकमेकांना झोडपतोय तो माणूस होता कोण, एवढं तरी बघू.

पहिली गोष्ट. गप्प बसण्याबद्दलचं ते वाक्य त्याचं नाहीच. अभ्यासकांनी त्याचं सगळं लेखन धुंडाळलं, कुठेही सापडलं नाही.

दुसरी गोष्ट. मूर्खपणावरचं लिखाण मात्र खरं आहे. १९४२ साल संपत आलं असताना, हिटलरविरुद्धच्या कटातल्या मोजक्या सोबत्यांसाठी त्यानं ते लिहिलं. एक प्रत आईवडिलांच्या घराच्या छपरात लपवलेली होती. त्यातलं म्हणणं असं, की मूर्खपणा म्हणजे अक्कल कमी असणं नव्हे. चांगली शिकलेली, हुशार माणसंसुद्धा सत्तेचा जोर वाढला की आपली बुद्धी गहाण टाकतात, मग त्यांच्यापुढे पुरावा ठेवून उपयोग होत नाही. फॉरवर्ड इथं संपतं. लेख संपत नाही. शेवटी तो स्वतःकडे आणि सोबत्यांकडे वळतो: आपण इतकी वाईट कृत्यं मुकाट्यानं पाहिली, सोंगं घ्यायला शिकलो, आता आपण तरी काही कामाचे उरलोय का? हा प्रश्न कुठल्या ग्रुपवर आलेला पाहिलाय का कुणी?

आणि इथंच खरी मेख आहे. बोनहोफर आयुष्यभर सगळ्यात जास्त भांडला तो आपल्याच घराशी. म्हणजे आपल्याच चर्चशी.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा झाला. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या प्रोटेस्टंट चर्चनं हाच नियम स्वतःच्या पाद्र्यांना लावून घेतला. पाद्री ज्यू वंशाचा असेल किंवा त्याची बायको तशी असेल, तर तो नको. बोनहोफर तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्यानं एप्रिलमध्येच लिहिलं होतं की चर्चपुढे तीन कामं आहेत. सरकारला जाब विचारणं, जे भरडले जातायत त्यांना मदत करणं (मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत), आणि वेळ पडली तर त्या चाकातच खीळ घालणं.

पण हाच माणूस त्याच एप्रिलमध्ये कचरला होता. त्याची जुळी बहीण साबीना हिचे सासरे ज्यू होते. ते वारले तेव्हा अंत्यविधी तू कर असं बोनहोफरला सांगण्यात आलं. त्यानं वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नकार दिला. काही महिन्यांनी त्यानं बहीण-मेहुण्याला पत्र लिहून माफी मागितली, मी इतका कसा घाबरलो म्हणून. त्या एप्रिलच्या लेखातही ज्यूंबद्दलचे जुने पूर्वग्रह आहेतच. म्हणजे तो काही जन्मतः हुतात्मा नव्हता. चुकत, शरमत पुढे गेला.

नाझींची ढवळाढवळ नको म्हणणाऱ्यांनी १९३४ मध्ये वेगळं 'कन्फेसिंग चर्च' उभं केलं. बोनहोफर त्यातला. पण १९३८ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या निमित्तानं निष्ठेची शपथ घ्यायची वेळ आली, तेव्हा या विरोधक चर्चच्याही बहुतेक पाद्र्यांनी ती घेतली. नंतर खुद्द नाझी पक्षाकडूनच कळलं की आम्ही ही शपथ मागितलीच नव्हती! न मागता वाकणारी माणसं. ओळखीची वाटतात ना?

अशांसाठीच त्यानं १९३७ च्या पुस्तकात 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरला. देव क्षमा करतोच, मग आपल्याला बदलायची गरज काय, ही सोय म्हणजे स्वस्त कृपा. खऱ्या कृपेची किंमत पडते, ती जगणंच मागते. आपल्या भाषेत सांगायचं तर वारी केली, अभिषेक केला, उपास केला, आणि शेजाऱ्याचा बांध कोरायचा तो कोरलाच.

त्यानं किंमत मोजली. जून १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला सुरक्षित पोचला होता, महिन्याच्या आत परत फिरला. एप्रिल १९४३ मध्ये अटक. ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी, वय ३९. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तिथं पोचलं. युद्धानंतरही चर्चमधले कित्येक जण म्हणत होते की हा धर्मासाठी नाही, राजकारणासाठी मेला.

आज त्याच अमेरिकेत त्याच्या नावाची ओढाताण चालू आहे. २०२४ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, पोस्टरवर हातात पिस्तूल. त्याच्या घराण्यातल्या लोकांनी आणि अभ्यासकांनी जाहीर हरकत घेतली की त्याला आपापल्या राजकारणासाठी वापरू नका. त्यानं कुणावर गोळी झाडली नव्हती. उलट अहिंसक लढा कसा देतात हे शिकायला त्याला भारतात यायचं होतं. नोव्हेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी त्याला ये म्हणून पत्रही लिहिलं. येणं झालं नाही, जर्मनीत पाद्री घडवायचं काम अंगावर पडलं.

काही जण म्हणतील, मग काय समोरचा रेटून अन्याय करत असताना आम्ही आत्मपरीक्षण करत बसायचं? अजिबात नाही. सरकारला जाब विचारणं हे त्याच्या यादीतलं पहिलंच काम आहे. पण तो जाब विचारताना त्याच्या पायाखालची जमीन जात होती. आपण विचारतो तेव्हा काय जातं? फार तर थोडा डेटा. आणि विचारतो ते नेहमी दुसऱ्यांच्याच पुढाऱ्याला. आपल्या पक्षाचा माणूस टेंडर खातो, आपल्या जातीची पंचायत एखाद्या पोरीला वाळीत टाकते, आपल्या मंडळाचा कार्यकर्ता गरिबाच्या दुकानावर दगड टाकतो, तेव्हा आपला बोनहोफर कुठं जातो?

तेव्हा पुढच्या वेळी त्याचा फोटो टाकाल तर जरूर टाका. फक्त विरोधकांच्या ग्रुपवर नको, आपल्याच लोकांच्या ग्रुपवर टाका. आपल्याच माणसानं केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल, त्याचं नाव घेऊन. मग कोण कोण ग्रुप सोडतं, कोणाचा फोन येतो ते बघा.

त्याला पडलेली किंमत याहून फार मोठी होती. पण आपली सुरुवात तरी तिथून होईल.