पद्मिनी रोज चालवायची म्हणता?

ती रील तुम्हीही पाहिली असणार. नव्यानं रंगवलेली प्रीमियर पद्मिनी, चकचकीत क्रोमचा बंपर, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा आणि मागे एखादं जुनं गाणं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, 'भावा, विकायची आहे का?' मग डोक्यात किडा वळवळायला लागतो. सेकंडहॅण्ड हॅचबॅक काय, सगळेच घेतात. आपण हिला घेतलं आणि चिरनेरहून पनवेलला कॉलेजला रोज हिच्यातूनच गेलो तर?

घ्यायला कुणाची ना नाही. खरी अडचण 'रोज' या शब्दात आहे.

पद्मिनी आपल्या जवळची, अगदी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं तिथं फियाट ११०० बनवली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही निवृत्त झाली. आपल्या आईवडिलांनी जिला हात करून थांबवलं, ती आता 'रेअर' म्हणून विकली जाते.

आता कायद्याकडे या. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही खास अक्षरं. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सवलतही मिळते. ऐकायला झकास. पण अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. रोजच्या वापराला साफ मनाई. सकाळचं लेक्चर त्या यादीत कुठेच बसत नाही.

म्हणजे रोज चालवायची तर साधी नोंदणीच ठेवावी लागणार. त्यातही पद्मिनी सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरची असेल, तर ५० वर्षांचा प्रश्न अजून आलेलाच नाही. साध्या नोंदणीत खासगी गाडीला पहिली १५ वर्षं, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. वर्षाला दोन हजार पडले तर हौशी माणूस भरेलही. पण ही फी गाडीचं वय मोजते, ती किती चालली आणि कशी राखली हे मोजत नाही. महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी पद्मिनी आणि रोज धूर ओकणारी खटारा, दोघींना एकच पावती. हे मला पटत नाही.

तरी 'जुनी गाडी वापरणं म्हणजे पर्यावरण वाचवणं' असं कुणी म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. नवी गाडी बनवायला लागणारं पोलाद आणि ऊर्जा वाचते, हे खरं. पण पीयूसीच्या नियमात बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, बीएस-४ गाड्यांना ०.३ टक्के. दहापट सूट! पीयूसी पास होणारी पद्मिनी स्वच्छ असते असं नाही, तिला मोजायची पट्टीच जुनी असते. रविवारी चिरनेरच्या महागणपतीला जाऊन आलात तर त्यानं आभाळ काळं होणार नाही. रोजच्या फेऱ्यांचा हिशोब मात्र वेगळा.

पेट्रोलही बदललंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, म्हणजे ई-२०, मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या जातीच्या रबराला फुगवतं, ठिसूळ करतं. पद्मिनीत कार्ब्युरेटर, पेट्रोलचे रबरी पाइप, फ्यूएल पंपाचा पडदा आणि पत्र्याची टाकी. आपल्याकडचा दमट पावसाळा त्यात धरा. गंमत अशी की रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साचून राहत नाही, त्यामुळे टाकीला उभ्या गाडीपेक्षा कमी त्रास होतो. पण पाइप आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवलेत का, हे विकणाऱ्याला विचाराच. 'रिस्टोअर केलीय' म्हणणाऱ्या कितीजणांना याचं उत्तर देता येईल, शंकाच आहे.

'रिस्टोअर' हा शब्दही जरा तपासून घ्या. चांगलं डेंटिंग-पेंटिंग म्हणजे रिस्टोरेशन नाही. पत्रा सडला की तो कापून नवा जोडायचा असतो. त्याऐवजी वर पुट्टी थापून रंग मारला, तर पहिले काही महिने फरक कळतही नाही. खिशात लोहचुंबक ठेवा. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला लावून बघा. चिकटत नसेल तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालची मॅट उचला. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचं खरं वय तिथं कळतं. पुढचा पेच असा की एसी, डिस्क ब्रेक, दुसरं दमदार इंजिन टाकलं की गाडी रोजच्या लायकीची होते. पण मोठे बदल केलेली गाडी पुढे कधी व्हिंटेज ठरणं अवघड. आणि इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल, तर ती आजही बेकायदाच.

दुर्मिळ आणि रोजची, हे दोन शब्द एका गाडीत सहसा नांदत नाहीत. पद्मिनी त्यातल्या त्यात परवडते, कारण ती कालपरवापर्यंत टॅक्सी होती. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या मार्केटमध्ये काही ना काही हाती लागतं आणि प्लग-पॉइंट साफ करून ती चालू करणारे हात अजून आहेत. तेच स्टॅण्डर्ड हेराल्ड घ्यायची म्हटली, तर एका काचेसाठी महिना घालवायची तयारी ठेवा. जितकी दुर्मिळ, तितकी ती घरीच उभी.

आणि आपला रस्ता? जेएनपीएचे कंटेनर ट्रेलर उरण-पनवेल पट्ट्यात कसे धावतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पद्मिनीला ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही, जुन्या मॉडेलला तर सीटबेल्टही नाही. पुढचा ट्रेलर अचानक थांबला की मागच्या नव्या गाडीला जेवढं अंतर पुरतं, तेवढं हिला पुरत नाही. अटल सेतूवर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. तिथं डाव्या कडेनं साठच्या वेगानं निघालेल्या पद्मिनीला मागून येणारा प्रत्येक जण अडथळाच समजणार. माझ्या मते रोजच्या कॉलेजसाठी नको म्हणायला हे एकच कारण पुरेसं आहे. बाकी सगळं पैशानं निस्तरता येतं.

पुढच्या दहा वर्षांचाही विचार करायला हवा. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये १२४ गावांची जबाबदारी एमएमआरडीएकडे गेली. गावांचा त्याला विरोध आहे, तो वाद वेगळा आणि मोठा आहे. पण उरण मुंबई महानगर प्रदेशात आहे, आणि याच प्रदेशातली पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचं काय झालं, ते बातम्यांत वाचलं असेलच. आज सहा-सात लाख घालून गाडी घेताना, ती आपल्याच गावातून चालवता येईल की नाही हे उद्या ठरणार आहे, एवढं घरच्यांना आधी सांगा.

एवढं वाचूनही घ्यायचीच असेल, तर कॉलेजला लोकल नाहीतर एसटी आणि रविवारला पद्मिनी, अशी वाटणी करा. गाडी बघायला जाल तेव्हा ओळखीच्या मेकॅनिक काकांना सोबत न्या. इंजिन थंड असताना चोक ओढून चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. चासी नंबर आरसीशी आणि वाहन पोर्टलवरच्या नोंदीशी जुळवून बघा. नोंद ऑनलाइन दिसतच नसेल, तर ती चढवून घेण्याचं काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या, टोकन नंतर.