एडिटरच्या पोटातले हंसपद

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थापकांची चरित्रे आणि कंपन्यांच्या चढाओढी एवढ्यावरच आटोपतो. टेक्स्ट एडिटरची अंतर्गत रचना हाही इतिहासाभ्यासाचा विषय आहे असे म्हटले की वर्गमित्र हसतात. माझे मत नेमके उलट आहे. कारणे या धाग्यात मांडत आहे.

मूळ अडचण साधी. संगणकाच्या स्मृतीत अक्षरे एका रांगेत बसतात. मध्ये एक अक्षर घालायचे, तर पुढची सारी रांग सरकवावी लागते. ईमॅक्सचा तोडगा असा की कर्सरपाशीच मोकळी जागा राखायची आणि टंकलेली अक्षरे तीत भरत जायची. माणूस बराच वेळ एकाच ठिकाणी लिहितो, या निरीक्षणावर ही रचना उभी आहे.

दुसरी रचना मला अधिक मोहवते. १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ हा संपादक घडवला. त्यात ‘पीस टेबल’ होते. मूळ मजकुराला हात लावायचाच नाही. नवी अक्षरे वेगळ्या साठ्याच्या शेवटी जोडायची. आणि कोणत्या साठ्यातला कोणता तुकडा कशानंतर वाचायचा, याची एक यादी ठेवायची. जुन्या पोथ्यांत गळलेला शब्द समासात लिहून ओळीत हंसपदाची खूण करीत, तसेच काहीसे. खोडणे म्हणजे यादीतली नोंद बदलणे. अक्षरे जागच्या जागी राहतात.

सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, १९८३ मध्ये ‘वर्ड’ आले, आणि ही रचना त्यात उतरली. (२०१८ मध्ये व्हीएस कोडनेही, लाल-काळ्या वृक्षाची जोड देऊन, हीच वाट धरली. जुनी कल्पना अशी परतते तेव्हा मला फार आनंद होतो.)

आता खरा मुद्दा. वर्डमध्ये अनेक वर्षे ‘फास्ट सेव्ह’ नावाची सोय होती. ती चालू असताना संपूर्ण फाइल नव्याने न लिहिता केवळ बदल शेवटी जोडले जात. परिणामी लेखकाने खोडलेली वाक्ये पडद्यावरून नाहीशी झाली, तरी फाइलमध्ये शिल्लक राहू शकत. कागदावरच्या खाडाखोडीवरून मसुद्याचे टप्पे लावणाऱ्या अभ्यासकाला याहून मोठे घबाड कोणते?

म्हणून जुन्या फायलींचे पीडीएफ करून मूळ प्रती टाकून देण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पीडीएफमध्ये अखेरचा पाठ तेवढा उरतो. ज्याने वाक्य खोडले त्याला ते कुणी वाचू नये असे वाटत असेल, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून ठरावीक वर्षे फाइल बंद ठेवता येते. खाजगी पत्रव्यवहाराबाबत अभिलेखागारे हेच करतात. नष्ट केलेली फाइल मात्र कितीही वर्षांनी उघडता येणार नाही.