परसातील अग्निसंस्कार

आश्विन सरला, पाऊस परतला, की आपल्या लोकांना स्वच्छतेचा झटका येतो. वडिलोपार्जित घर उघडण्यासाठी मुंबईहून आलेला यजमान असो, जत्रेपूर्वी आवार झाडून घेणारी देवस्थानची समिती असो, की निवृत्त होऊन गावी स्थिरावलेला गृहस्थ असो, सर्वांचा क्रम एकच. परसातले रान कापावे, दोडक्या-पडवळांचा मांडव मोडावा, फणसा-आंब्याखालचा पातेरा ओढून ढीग करावा, तांबडी माती दिसेपर्यंत खराट्याने जमीन खरवडावी आणि तिन्हीसांजेस त्या ढिगाला काडी लावावी. धूर शेजाऱ्याच्या ओसरीवर जातो, राख वाऱ्यावर जाते आणि कर्ता पुरुष कमरेवर हात ठेवून म्हणतो, "आता कसे लख्ख झाले!" मग त्याच लख्ख जमिनीत तो मुळ्याचे व तांबड्या भाजीचे बी टाकतो, आणि माघात तक्रार करतो की विहीर आटू लागली, भाजी वाढत नाही, आणि बेळगावची भाजी फार महाग झाली.

या कृत्याला स्वच्छता म्हणण्याची आमची तयारी नाही. आपल्याच मातीच्या अंगावरचे वस्त्र हिसकावून ते आपल्याच हाताने जाळणे, याला दुसरे काही नाव असेल तर ते शोधावे लागेल.

काळ कोणता, ते आधी ध्यानात घ्यावे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरच्या मध्यास मोसमी वारे माघारी फिरतात, त्यानंतर एखाददुसरी गडगडाटी सर येते, आणि पुढे मिरगापर्यंत आकाशाकडून फारसे काही मिळावयाचे नसते. आपली जांभ्याची जमीन सच्छिद्र; पाणी धरून ठेवणे तिच्या स्वभावातच नाही. अशा जमिनीला वायंगणाच्या भाजीसाठी सिद्ध करावयाचे, तर जी ओल पावसाने मागे ठेवली आहे ती जपणे हे पहिले काम. नेमक्या त्याच पंधरवड्यात आपण तिच्यावरचे छप्पर काढून टाकतो. झाडाने वर्षभर खपून मुळांनी खालून जे वर आणले, ते पानांच्या रूपाने त्याने आपल्या पायाशी परत ठेवलेले असते. आगीत त्यातला नत्र जवळजवळ सगळा हवेत जातो. मागे उरतो तो पालाश आणि थोडा चुना, तोही राखेच्या रूपात. म्हणजे पहिल्या वाऱ्याच्या किंवा अवकाळी सरीच्या स्वाधीन.

यावर प्रतिपक्षाचा पहिला युक्तिवाद परंपरेचा. "आमचे पूर्वज राब भाजीत नव्हते काय?" भाजीत होते. पण राब भाजला जाई तो भात-नाचणीच्या रोपांसाठी राखलेल्या लहानशा तुकड्यावर, पावसाच्या तोंडावर. तणाचे बी मरावे आणि रोपाला पहिल्या दिवसांत राखेचे बळ मिळावे, एवढाच त्याचा हेतू. तोही निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही, कारण त्यापायी डोंगरातल्या झाडांच्या फांद्या तुटत असत. पण कार्तिकात अख्खे परस पेटविणाऱ्याने राबाचा दाखला देणे म्हणजे एका खटल्याचा निवाडा भलत्याच खटल्यात वाचून दाखविण्यासारखे आहे.

आणि परंपराच पाहावयाची, तर आपल्या कुळागरात जाऊन पाहा. पोफळीच्या बुडाशी पाला घालण्याची रीत आगरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कानड्यात, शिरसी, सिद्दापूर, यल्लापूर या भागांत, सुपारीच्या बागाइतदारांस बागेच्या एका एकरामागे कित्येक एकर डोंगरजमिनीतून पाला आणण्याची सवलत असे. तिला तेथे 'बेट्ट' म्हणतात. तो मुलूख मुंबई इलाख्यात होता तेव्हा इंग्रज सरकारलाही ही सवलत मान्य करावी लागली. पाला हा तेथे कायद्याने जपलेला हक्क ठरला. तो मिळावा म्हणून माणसे सरकारदरबारी भांडली. आपल्याकडे तो फुकट दारात पडतो आणि आपण त्याला काडी लावतो!

दुसरा युक्तिवाद सापकिरड्यांचा. हा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घराभोवतीची दोन-तीन हात जागा, पायवाट, विहिरीचा काठ आणि पोरे खेळतात ते अंगण झाडून मोकळे असावे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोन-तीन इंच जाडीचा पाचोळा वाफ्यात पसरणे निराळे आणि कुंपणाशी कमरेएवढा ढीग सहा महिने कुजत ठेवणे निराळे. जनावराला आसरा ढिगात मिळतो. बोटाएवढ्या थरात फारसा मिळत नाही. वाळवीचीही भीती घालतात. तिच्यासाठी खोडाशी वीतभर जागा मोकळी सोडावी आणि पाचोळा कोरडा ठणठणीत राहू देऊ नये.

तिसरी गोष्ट प्रतिपक्षाने न मांडताच आम्ही मान्य करतो, कारण ती खरी आहे. सर्वच अवशेष वाफ्यात राहू देण्याजोगे नसतात. फळमाशीने किडलेली दोडकी-काकडी वेलीखाली पडू दिली, तर तिच्या अळ्या मातीत उतरून कोश करतात आणि पुढच्या वेलीवर माशी होऊन बसतात. ती फळे वेचून दोन फूट खोल पुरावीत. वांगी, मिरची वा टोमॅटो यांचे झाड मर रोगाने उभ्याउभ्या कोमेजले असेल, तर ते मुळासकट उपटून बागेबाहेर न्यावे, खतात घालू नये, आणि त्या वाफ्यात पुन्हा त्या तिघांपैकी कोणी लावू नये. तेथे मुळा किंवा तांबडी भाजी करावी. उलट चवळी-वालाचे निरोगी वेल जमिनीलगत कापावेत आणि मुळे आतच राहू द्यावीत. साफसफाई असावी ती अशी, एकेक झाड पाहून केलेली. सरसकट आग ही विचार टाळण्याची युक्ती आहे.

मग पाचोळ्याचे करावे काय? तांबड्या भाजीचे बी बारीक. त्यावर पाने टाकली तर ते उगवणारच नाही. रोपे चार बोटे वर येऊ द्यावीत आणि मग ओळींच्या मधल्या जागेत पाला पसरावा. आंब्या-फणसाची पाने चिवट असतात, ती कोयत्याने तोडून घ्यावीत. मिरची, वांगी, नवलकोल यांच्या रोपांना लावणीबरोबरच आच्छादन चालते. उरलेल्याचे खत करावे. आणि येथे आमच्या इंदूरच्या वाचकांनी मान ताठ करावी, कारण ज्या पद्धतीचे नाव जगभराच्या शेतीग्रंथांत गेले ती त्यांच्याच गावची. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकर संस्थानाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत ती सिद्ध केली. १९३१ साली तीविषयीचे जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, चिमूटभर लाकडाची राख, पाणी, पुन्हा थर. तीन वेळा उलथापालथ, आणि सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत. राखेलाही येथे जागा आहे, पण मिठाएवढी! तीन हात लांब-रुंद खड्डा घरगुती परसास पुरतो. कार्तिकात भरलेला खड्डा माघात तयार होतो, म्हणजे यंदाच्या पेरणीला तो उपयोगी नाही. म्हणूनच तर यंदा भरावयाचा.

कायद्याचे एक वाक्य सांगितल्यावाचून आमच्या व्यवसायाचा धर्म सुटेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी केली. साध्या जाळण्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. पण दंडाच्या धाकाने परसात भाजी उगवल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून आमचे खरे गाऱ्हाणे देवस्थानांच्या समित्यांपाशी आहे. गाव देवळाकडे पाहून वागतो. कार्तिकात आपण तुळशीचे लग्न लावतो, आवळ्याची डहाळी, चिंच आणि ऊस तिच्यापाशी रोवतो, आवळीखाली पंगत मांडून वनभोजन करतो. आणि त्याच आठवड्यात देवळाच्या मागच्या बाजूस, भाविकांस दिसू नये अशा बेताने, वडा-पिंपळाची पाने आणि निर्माल्याचे ढीग पेटतात. जे पेटत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीसकट नदीत जाते. निर्माल्य पायदळी येऊ नये हा भाव योग्यच आहे. पण पिशवीत कुजून काठाला लागलेले निर्माल्य कोणाच्या पायदळी येत नाही काय? झाडाच्या बुडाशी निर्माल्य ठेवणे आपल्या आचाराला पूर्वीपासून मान्य आहे. खताचा खड्डा त्याहून वेगळा नाही. दोरे व प्लास्टिक वेगळे काढले, तर झेंडू-जाईजुईची ती ओली फुले कोरड्या पाचोळ्यास हवी तीच जोड आहेत. त्या खतावर देवळाच्याच फुलबागेचे आणि महाप्रसादाच्या भाजीचे वाफे उभे राहू शकतात.

जत्रेच्या अंदाजपत्रकात 'आवार साफ करणे' या सदराखाली जी रक्कम धरली जाते, तिच्यातूनच असे दोन खड्डे खणून होतील. नवी वर्गणी नको, दाता नको, संगमरवरी पाटीही नको. कंत्राटदाराच्या करारात "पाला जाळू नये, दाखविलेल्या जागी टाकावा" एवढी ओळ घालावयाची आहे. मसुदा हवा असल्यास आम्ही विनामूल्य करून देऊ. मात्र महाजनांच्या सभेत हा विषय कोणी तरी मांडला पाहिजे, आणि तो मंडपाचे कंत्राट निघण्यापूर्वी.