सरकारी मोजणीचे नकाशे : विकत कां मोफत?

सरकारनें लोकांच्या पैशानें जी जमिनीची मोजणी केली, जे नकाशे काढले व जीं टिपणें दप्तरांत ठेविलीं, त्यांची नक्कल घ्यावयास लोकांनीं पुन्हां पैसे द्यावे कीं काय, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. सात-बाराच्या डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यास १५ रुपये पडतात. नकाशाची नक्कलही कांहीं हजारोंच्या घरांत जात नाहीं. मग एवढा ऊहापोह कशाला, असें पुष्कळांस वाटेल. महसुलाच्या दप्तरांत हयात घालविलेल्या प्रस्तुत लेखकास तो लहान वाटत नाहीं, व कां वाटत नाहीं तें शेतकरी वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडील नकाशे आले कोठून, हें प्रथम पाहूं. इंग्रजी अमदानींत पुणें जिल्ह्यांत प्रिंगल साहेबानें केलेली पहिली पाहणी फसली. आकार इतका जड बसला कीं कुळें जमिनी टाकून जाऊं लागलीं. त्यानंतर इ. स. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्यानें काम आरंभिलें, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें त्या पद्धतीचे नियम ठरून गेले. ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. (३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, हें मुलांकडून पाठ करून घ्यावें, हल्लीं पदवीधरांसही गुंठा म्हणजे किती तें सांगतां येत नाहीं.) त्या मोजणीचा खर्च तिजोरींतून झाला, व त्या काळीं तिजोरींत मोठी भर शेतसाऱ्याची होती. म्हणजे ज्या कुणब्याच्या शेतांतून साखळी फिरली त्यानेंच तिचें मोल भरलें. पुढें १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें गट पडले, तेंही कार्य सार्वजनिक खर्चानेंच झालें.

येथें दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. बांधाचा तंटा असून हद्द कायम करून मागावयाची, तर भूमापकानें यंत्र घेऊन शेतावर यावें, लगतच्या खातेदारांस नोटिसा जाव्या, खुणा दाखवाव्या, मग क-प्रत तयार व्हावी. हे सर्व श्रम एका खातेदाराच्या मागणीवरून होतात. त्यांस फी असणें न्याय्य आहे, व ती देण्यास कोणी कुरकुर करूं नये. परंतु जें टिपण, जें गटबुक, जो गांवनकाशा पूर्वींच तयार होऊन दप्तरांत पडला आहे, त्याची नक्कल हें नवें काम नव्हे. एकदां भरलेल्या मोलाची ती दुसरी वसुली होय. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या ४ थ्या कलमांतही हाच आशय आहे कीं सरकारनें आपणहून खुली करावयाची माहिती मोफत, अथवा फार तर छपाईच्या खर्चांत लोकांस मिळावी.

आतां गांवनकाशाचेंच उदाहरण घ्या. त्यावर तुटक दुबार रेषेनें गाडीमार्ग व तुटक एका रेषेनें पायमार्ग दाखविलेले असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरितात. साडेसोळा म्हणजे नेमकी अर्धी साखळी. पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्यानें वाट अडविली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमाखालीं अर्ज देतां येतो. आणि रस्ता मुळींच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चें १४३ वें कलम बांधावरून वाट देवविते. पण वाट पूर्वापार आहे कीं नवी मागावयाची आहे, हें अर्जदारास नकाशावांचून कळावें कसें? चुकीच्या कलमाखालीं अर्ज पडतो, महिने जातात, तोंवर पेरणी साधावयाची ती हुकते. ज्याच्या हातीं नकाशा त्याचा अर्ज नेमका. ज्याच्या हातीं नाहीं तो मध्यस्थाच्या दारीं. फीची खरी किंमत १५ किंवा ५० रुपये नव्हे. तालुक्याच्या दोन-तीन खेपा, एस. टी. चें भाडें, बुडालेला दिवस आणि "तुमचें काम करून देतों" म्हणणाऱ्याचा चहा, हे सर्व तींत मिळवावे. जेथें फीची खिडकी असते तेथेंच मध्यस्थाची बसावयाची जागा होते, एवढें मी नोकरींत पाहिलें आहे.

गांवाबाहेरही हाच प्रश्न आहे. १७६७ सालीं स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण खात्याचे उंचसखल दाखविणारे नकाशे पाणलोट व नालाबांध योजावयास फार उपयोगी. तरी ते सामान्य माणसास दीर्घकाळ दुर्मिळच होते. २०१७ सालीं त्यांपैकीं पुष्कळ नकाशे संगणकावरून मोफत घेण्याची सोय झाली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीं मात्र अशी माहिती सरकारी खात्यांस मोफत व इतरांस 'वाजवी' दरानें द्यावी असें म्हटलें. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणांत ती सर्वांची सामायिक ठेव मानिली आहे. सामायिक ठेव म्हणावयाची आणि दरही लावावयाचा, हें आमच्या अल्प बुद्धीस जुळत नाहीं. वाजवी कोणास, हेंही पाहिलें पाहिजे.

"फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाहीं, व फी नसेल तर खातें चालावें कसें," असा आक्षेप येतो. त्यास अमेरिकेचा दाखला पुरे आहे. तेथील सरकारच्या लँडसॅट उपग्रहानें घेतलेलें एक चित्र सुमारें ६०० डॉलरांस मिळे. २००१ सालीं, म्हणजे विक्रीच्या उत्तम वर्षीं, जेमतेम २५ हजार चित्रें खपलीं. २००८ च्या अखेरीस तीं मोफत केलीं, आणि पुढील वर्षभरांतच दहा लक्षांच्या वर लोकांनीं घेतलीं. पिकांचा अंदाज, जंगलाची मोजदाद, दुष्काळाची पाहणी यांस जो उपयोग झाला तो विक्रीच्या उत्पन्नांत मोजतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मोफत केल्यास विमा कंपन्या व जमिनीचे सौदागर गठ्ठेच्या गठ्ठे उचलतील. उचलतील खरे. परंतु त्यांस आजही अडत नाहीं. पैसे टाकून ते घेतातच. फीमुळें अडतो तो दोन एकरवाला. शिवाय नकाशा निराळा व खातेदाराच्या कर्जबोजाची नोंद निराळी. ती नोंद कोणासही उघडी करावी कीं नाहीं, हा वाद स्वतंत्र आहे.

संगणकावर गट पाहावयास मिळतो, ही सोय चांगलीच. पण नुसतें पाहणें कोर्टांत चालत नाहीं; तेथें शिक्क्याची प्रत लागते. तेव्हां प्रत्येक खातेदारास आपल्या गटाच्या नकाशाची सही-शिक्क्याची एक प्रत मोफत मिळावी. दुसरी-तिसरी लागल्यास कागदाचा खर्च खुशाल घ्यावा. आणि गांवनकाशाची मोठी प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, ऊन-पाऊस लागणार नाहीं अशा जागीं लावावी, तीवर गाडीमार्ग लाल शाईनें उठवावे. आपल्या संघाच्या येत्या सभेंत या दोन कलमांचा ठराव यावा व तो भूमि अभिलेख खात्याकडे जावा, अशी सूचना आहे.